शेवटच्या पाण्यात झाकणभर

४ मार्च

…आणि मग पिळलेल्या चादरींची बादली बाजूला ठेवून मी कंबर सरळ करायचे, तेवढ्यात आतल्या खोलीतून यांचा आवाज यायचा, "झाल्या का सगळ्यांच्या अंघोळी?" सगळ्यांच्या म्हणजे दोन चादरी, खालची जाड कापडं आणि उशीचा अभ्रा. "एक राहिलेत," मी म्हणायचे आणि कोमट पाण्याचं भांडं घेऊन आत जायचे. यांच्या आजारपणातली कुठलीही सकाळ घेतली तरी अशीच. भिजवणं, साबण, दोन पाणी, आणि शेवटच्या पाण्यात कापड मऊ करायच्या निळ्या बाटलीतलं झाकणभर. घरी येणाऱ्या नर्सने सांगितलं होतं की कापड खरखरीत राहिलं तर पाठ सोलून निघेल. नाही निघाली. हे गेले तेव्हा यांची पाठ लेकरासारखी होती.

हे आठवलं कारण तीच बादली आज माळ्यावरून खाली काढली. यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता ती नातीच्या लंगोटांसाठी.

त्याचं असं झालं. लेक आणि जावई बाळंतपणाच्या आधीच माझ्याकडे राहायला आले, भाडं वाचावं म्हणून. नात आता चार महिन्यांची आहे. जावई तिला मॅनेजरीण म्हणतात, कारण ती कुणाचंच काम पसंत करत नाही. लेक दातांच्या कवळ्या बनवते. तिच्या कारखान्याचे मालक म्हणाले, हवी तर आणखी तीन महिने रजा घे, पण बिनपगारी, आणि काय ते महिनाअखेरपर्यंत सांग. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या एकट्याच्या पगारात सगळं बसवून पाहिलं. विकतचे डायपर सोडले तर बसतं, धरले तर नाही.

"एवढ्या पैशात तर एक माणूस जेवेल," मी म्हटलं.

"जेवून काय होणार, आई," जावई म्हणाले. "शेवटी तेही तिथेच जाणार."

लेक हसली नाही. म्हणाली, "परत तू बादलीवर वाकणार का? मला नाही बघवणार."

तिला वाटतं मी म्हातारी झाले. मी म्हटलं, एक महिना करून बघू. नाही जमलं तर घाला कचऱ्यात.

८ मार्च

पाच तारखेला तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेले. ती म्हणाली, "लोक नातीला टोपडी शिवून घेतात. तू खालूनच सुरुवात केलीस."

मी लहान मुलीच्या लंगोटाला किती पदर लागतात याचा फार विचार करून गेले होते. तिने माझं सगळं ऐकलं आणि सुई दातात धरून म्हणाली, "मधे जाड, कडेला पातळ. नाहीतर पोर घोड्यावर बसल्यासारखी राहील." फ्लॅनेलचं कापड घेतलं. बाहेरची जलरोधक चड्डी तेवढी विकत आणली. आत घडी घालायची, वरून चड्डी. ओला झाला की घडी बदलायची. पिना नाहीत, चिकटपट्टी आहे. काय सोय केली आहे लोकांनी! माझ्या वेळी पिन लागू नये म्हणून स्वतःचं बोट मधे घालायचे, आणि दरवेळी तेच बोट टोचून घ्यायचे.

नवीन कापड लगेच पाणी पीत नाही म्हणे. म्हणून दोन दिवस नुसतं धुणं आणि वाळवणंच चाललं. माझ्या पद्धतीने. दोन पाणी आणि शेवटच्यात झाकणभर.

११ मार्च

जमलं!

मॅनेजरीण कोरडी झोपते आणि ओली उठते. जे काही असतं ते लंगोटात असतं, गादीवर नाही. मागच्या सज्जात दोरीवर सगळे ओळीने वाळत घातले आणि उगाच उभ्या उभ्या बघत राहिले. समोरच्या इमारतीतली बाई विचारत होती, एवढे झेंडे कसले लावलेत?

वाचनालयातून शाळेच्या मुलांचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीत सुटली. वाचायला मी नंतर घरीच शिकले. हे घरोघर पाण्याचे मीटर वाचत हिंडायचे, आणि संध्याकाळी त्यांच्या पावत्या मी मोठ्याने वाचायचे. नावं, रस्ते, आकडे. तेव्हापासून दिसेल ते वाचायची सवय लागली. तर त्या पुस्तकात लिहिलंय की कापडाच्या धाग्यांमध्ये केसाएवढ्या फटी असतात आणि त्या पाणी आत ओढून घेतात. याला केशाकर्षण म्हणतात. हा शब्द मी भाजी चिरताना चारपाच वेळा म्हटला. कापडाला तहान असते ही मी आजवर नुसती म्हणायची गोष्ट समजत होते.

१४ मार्च

आज दोनदा गादी भिजली. लंगोट मांडीच्या कडेने गळला. नीट बसवला नसेल.

लेकीचा एक चाळा लक्षात आलाय. लंगोट बदलायला घेतला की आधी खिडकी उघडते. काही घाण झालेली नसली तरी. मुलीला छातीशी धरते आणि तोंड बाजूला वळवते. आजकालच्या मुलींना जरा वास सहन होत नाही. मी तर म्हणते, एवढं छान धुतलेलं असतं की फुलांच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं.

१५ मार्च

परत गळला. घडी बदलून पाहिली. पतंगासारखी घातली, मग लांबट घातली, मग शिवणवालीने सांगितली तशी. तिन्ही गळल्या. मॅनेजरीण प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघते की आता नोकरीवरून काढतेय.

शिवणवालीला जाऊन म्हटलं, "पदर कमी घातलेस का गं?"

ती भडकली. "उसवून बघ! एक पदर कमी निघाला तर दुकान तुझ्या नावावर करते."

उसवून पाहिला एक. पदर बरोबर होते. दुकान वाचलं तिचं. माफी मागायला गेले तर म्हणाली, "आता तो परत शिवायचे वेगळे पैसे."

१७ मार्च

आज लेक जेवताना म्हणाली, "मी पहिल्या तारखेपासून कामावर जाते."

जावयांचा घास हातात राहिला. "अगं, पण तुलाच हवी होती ना रजा?"

"आता नकोय. आई सांभाळेल हिला."

"ती बाटली तोंडात धरत नाही अजून," मी म्हटलं.

"शिकेल."

मग उठून ताट धुवायला गेली. नळ सोडून बराच वेळ उभी होती. ताट एकच होतं.

मला कळत नाही. महिन्याच्या सुरुवातीला हीच पोर रजेचं नाव काढलं की डोळे पुसत होती. आता तिला मुलीजवळ बसायलाही नको. पाजायला घेते तीसुद्धा स्वयंपाकघरात ओट्याजवळ, स्टुलावर बसून. आतल्या खोलीत यांची एवढी मोठी खाट आहे, पाळणा तिथेच आहे, तरी नाही. पाजून झालं की मला देते आणि सज्जात जाऊन उभी राहते. तिथे लंगोट वाळत असले की परत आत येते, आणि आत आली की परत बाहेर.

मला वाटतं लंगोट गळतात म्हणून ती वैतागली आहे. रोज गादी उन्हात, रोज दुपटी ओली. तेवढं थांबलं तर तिचा जीव ठिकाणावर येईल. गळती शोधून काढलीच पाहिजे. महिना संपायला वेळ आहे अजून.

१९ मार्च

सकाळी उठल्यावर कानामागे आणि मानेखाली ओलं लागतं. उशी मात्र कोरडी असते. उकडत असेल. माझ्या उशीला अजून यांचाच अभ्रा आहे. दर आठवड्याला धुते, तसाच, त्याच पद्धतीने. त्याला अजून तोच वास येतो. डोळे मिटले की हे बाजूलाच आहेत.

२० मार्च

जावयांना सुट्टी होती. लंगोटाचा प्रश्न त्यांच्यापुढे मांडला. ते खाली बसले, लंगोट हातात घेतला, उलटा केला, ताणला. मशीनचा भाग असावा तसं सगळं.

म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की आम्ही आधी विचारतो, काल काय बदललं?"

"काहीच नाही बदललं. पहिल्या दिवसापासून जे करते तेच करते."

"मग बदललं नसेल. साठलं असेल. लिफ्टचं दार अडतं ना, तेव्हा बहुतेक वेळा दार चांगलं असतं. खालच्या खाचेत कचरा बसलेला असतो. रोज थोडा थोडा. कुणाला दिसत नाही."

"माझ्या धुण्यात कचरा?" मी म्हटलं.

"तसं नाही हो, आई…"

"बघून घ्या. वास घ्या."

त्यांनी वास घेतला. म्हणाले, "वास छान आहे." लेक दारात उभी होती. ती वळून निघून गेली.

कचरा म्हणे. दिवसभर राग आला. संध्याकाळी राग गेला आणि विचार आला: साठतं ते काय?

२२ मार्च

मला अंगात कणकण होती म्हणून पडून होते. शिवणवालीने जुन्या टॉवेलचा एक लंगोट शिवून वर पाठवला, भांडण मिटवायला. पैसे घेतले नाहीत. तो लंगोट जावयांनी धुतला, वाळवला, मुलीला बांधला. एवढा वेळ झाला, गादी कोरडी! मॅनेजरीण हात हलवत छताशी गप्पा मारत होती.

"काय घातलंत पाण्यात?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"साबण," जावई म्हणाले. "आणि थोड्या शिव्या."

२३ मार्च

बरं वाटलं तशी उठले. त्यांचा टॉवेलचा लंगोट आणि माझा फ्लॅनेलचा ओट्यावर शेजारी ठेवले. चमच्याने दोन्हीवर पाण्याचा एकेक थेंब टाकला.

टॉवेलने थेंब गिळला. पडला तिथेच नाहीसा झाला.

माझ्यावरचा थेंब उभा राहिला. गोल. चकाकत. अळूच्या पानावर राहतो तसा. मी वाकून बघत राहिले. मग कापड जरा तिरपं केलं तर तो घरंगळत कडेला गेला आणि ओट्यावर पडला.

म्हणजे कापडाला तहान नाही. इतकं सुंदर दिसत होतं ते, आणि इतकं चुकीचं. लंगोटाचं काम काय, आणि हा थेंब असा पाहुण्यासारखा बसून राहिलेला.

टॉवेलचं कापड वेगळं म्हणून फरक असेल, असं आधी वाटलं. पण फ्लॅनेल पहिले काही दिवस पीत होतं की! मग मी एकेक पायरी डोळ्यांपुढे आणली. पाणी तेच, नळ तोच. साबण तोच. जावयांनी केलं नाही आणि मी करते असं एकच उरलं.

ते मला पटेना. ती बाटली तर मऊ करायची आहे. मऊ केलेलं कापड पिणार नाही?

२४ मार्च

टॉवेलचा लंगोट माझ्या पद्धतीने धुतला. वाळला की परत धुतला. प्रत्येक वेळी शेवटच्या पाण्यात झाकणभर, आज जरा सढळ हाताने.

लेकीने पाहिलं. "आई, तो एकच चांगला होता! आता बांधू काय तिला?"

"थांब गं. बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"हा बिघडतो का ते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, तुला शाळेत पुढे पाठवायला हवं होतं." आणि हसली. या महिन्यात पहिल्यांदा.

२६ मार्च

बिघडला.

थेंब उभा राहिला. फ्लॅनेलवर राहतो तेवढा ऐटीत नाही, पण राहिला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मग आठवलं की यात आनंद होण्यासारखं काही नाही, सगळे लंगोट मीच नासवले आहेत.

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आज वाचलं. टॉवेलला वापरू नका असंच आहे तिथे. मी खाऊच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. ही बाटली इतकी वर्षं हातात आहे आणि एकदाही उलटी करून पाहिली नाही. नर्सने सांगितलं होतं ना, मग वाचायचं कशाला.

जावई म्हणाले, "बघा, साठलं होतं." फुशारकी न मारता म्हणाले. चांगला माणूस आहे.

२७ मार्च

सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि सगळे लंगोट त्यात सोडले. काठीने ढवळत होते. पाण्यावर तवंग आला, मेणासारखा. त्याबरोबर वास सुटला. रोज वाऱ्यावर येतो तो नव्हे. दाट, गरम. सगळ्या स्वयंपाकघरात भरला. मला वाटलं, हे आत्ता आतून हाक मारतील.

लेक मुलीला कडेवर घेऊन आली आणि दाराशी थांबली. चेहरा पांढरा पडलेला. मुलीला माझ्या हातात दिलं आणि खाली फरशीवर बसली.

"काय झालं गं? चक्कर आली?"

"बंद कर ते."

गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. मुलीला मांडीवर घेऊन मीही तिच्याजवळ बसले.

मग ती बोलली. "तो वास, आई. बाबांच्या खोलीत यायचा तो. मी रविवारी यायचे तेव्हा दार उघडलं की आधी तोच यायचा. औषधं, घाम, आणि वरून ती फुलं. शेवटच्या दिवशी पण तोच. आता हिला जवळ घेतलं की हिच्या अंगाला तोच येतो. हिचा श्वास मोजत बसते मी. एवढीशी पोर, आणि मला वाटतं आता थांबेल. मग मलाच माझी लाज वाटते. म्हणून म्हटलं, कामावर जाते. तिथे नुसते दात असतात."

मला त्या वासाने हे आठवतात. गप्पा मारणारे, "झाल्या का अंघोळी" विचारणारे. तिला त्याच वासाने यांचं मरण आठवतं. एकच बाटली.

"आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू इतकं मन लावून धूत होतीस. तू खूश होतीस, आई. दोन वर्षांत पहिल्यांदा."

मी खूश होते? असेन.

मॅनेजरिणीने तेवढ्यात माझ्या मांडीवर शू केली. बांधायला एकही लंगोट शिल्लक नव्हता, सगळे पातेल्यात. लेक हसायला लागली आणि हसता हसता रडली, का उलटं, ते नीट सांगता येणार नाही.

२९ मार्च

खिडक्या सगळ्या उघड्या टाकून उरलेलं उकळलं. लेक मुलीला घेऊन शिवणवालीकडे जाऊन बसली होती. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळखळ धुतलं. वाळल्यावर थोडे खरखरीत लागतात. एकेका लंगोटावर थेंब टाकला. सगळ्यांनी गिळला.

जावयांनी एक लंगोट नाकाला लावला. "कसलाच वास नाही. वैताग आहे. आता मॅनेजरिणीला मॅनेजरिणीचाच वास येणार."

लेकीने त्यांच्या हातातून तो घेतला. तिनेही वास घेतला. बराच वेळ. मग मुलीला बांधला आणि तिच्या पोटावर नाक घासत बसली. दुपारी तिला पाजायला आतल्या खोलीत गेली. यांच्या खाटेवर, भिंतीला टेकून. दार उघडंच होतं. मी भाजी निवडत होते, तिथून तिचे पाय दिसत होते.

३० मार्च

गादी कोरडी. कालपासून एकदाही गळलं नाही.

लेकीने मालकांना फोन केला. मी मुद्दाम नळ सोडला होता, ऐकतेय असं वाटू नये म्हणून, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. फोन ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "तीन महिने. तोवर एका आजोबांचे वरचे दात दुसरीच कुणीतरी करणार आहे. वाकडे करेल बघ ती."

मग निळी बाटली मोरीतून उचलून माझ्या हातात दिली. "फेकू नकोस. तुझ्या अभ्र्यासाठी ठेव. माझी हरकत नाही, तुझ्या उशीपुरतं."

तिला माहीत होतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

बाटली वरच्या फळीवर ठेवली. दुपारी सगळे झोपले तेव्हा काय वाटलं कोण जाणे, चमचाभर पाणी घेऊन माझ्या उशीशी गेले. यांच्या अभ्र्यावर एक थेंब टाकला. उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला, मग हलकेच घरंगळला आणि कडेवरून खाली, मान टेकते तिथे गेला. अभ्रा कोरडाच.

म्हणजे खोलीतल्या उकाड्याचा दोष नव्हता. झोपेत माझे डोळे वाहतात, आणि अभ्रा ते पीत नाही.

३१ मार्च

आज सकाळी लंगोटांबरोबर यांचा अभ्राही सोड्यात उकळला, नुसत्या पाण्यात खळखळून काढला आणि त्यांच्याच ओळीत वाळत घातला.